बुरुजापासून तिसरी गल्ली

सहल म्हटली की आमच्या चामोर्शीकडच्या घरांत ठरलेली नावे निघतात. नागपूरचे ताजबाग, हैदराबादचा चारमिनार, चार पैसे जास्त जमले तर अजमेर आणि आग्रा. चंद्रपूरचे नाव कोणी घेत नाही. चंद्रपूरला आपण दवाखान्यासाठी जातो, लग्नाचा बस्ता बांधायला जातो, मुलांच्या परीक्षेला जातो. काम आटोपले की परतीची एसटी पकडतो. ज्या शहराच्या वेशीतून आपली तीन पिढ्यांची ये-जा आहे, ते शहर पाहायचे असते हेच कोणाच्या मनात येत नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही भाषांत किल्ल्यांवर, इमारतींवर निबंध लिहून घेते. मुले लाल किल्ला लिहितात, ताजमहाल लिहितात, रायगड लिहितात. यातले कितीजणांनी काय पाहिले असे विचारले की वर्ग गप्प होतो. कुरआनात तर ठिकठिकाणी सांगितले आहे की जमिनीवर हिंडा-फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते डोळ्यांनी पाहा. हिंडायला फार दूर जावे लागते असे काही त्यात म्हटलेले नाही.

म्हणून या हिवाळ्यात एका रविवारी मी अर्धा दिवस चंद्रपूरचा परकोट पायी पाहायचा असे ठरवले. बरोबर नववीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि माझी अम्मी. अम्मीचे वय एकाहत्तर. तिचे माहेर चंद्रपूरच्या पठाणपुऱ्यातले. मामूंच्या इंतकालनंतर ते घर विकले गेले. त्याला अकरा वर्षे झाली. त्यानंतर अम्मी चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा गेली, पण परकोटाच्या आत पाऊल टाकले नाही. "आता तिथे माझे काय आहे?" एवढेच म्हणायची.

मुलाचा प्रश्नही जवळपास तोच होता, फक्त वेगळ्या कारणाने. शाळेत कोणीतरी त्याला म्हणाले होते की हा सगळा मुलूख गोंड राजांचा, तुम्ही लोक बाहेरचे. तो भांडला नाही. घरी येऊन मला विचारले, "अम्मी, खरंच, त्या किल्ल्यात आपलं काय आहे?" मी शिक्षिका आहे, उत्तर तोंडावर तयार असते. पण या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊ नये असे मला वाटले.

पहाटेच्या गाडीने निघालो. हरणघाटाला वैनगंगा ओलांडली तेव्हा नदीवर धुके होते. मूल गेले आणि जंगलातून रस्ता चंद्रपूरकडे लागला. वाटेत अम्मी नातवंडांना आपल्या जन्माची गंमत सांगत होती. ती जन्मली १९५३ मध्ये. तेव्हा शहराचे नाव चांदा आणि राज्य मध्यप्रदेश. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे चांद्याचे चंद्रपूर झाले. लग्न होऊन ती चामोर्शीला आली तेव्हा माहेर आणि सासर एकाच जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि सासरचा जिल्हा बदलला. "मी कुठे हलले नाही, सरकारच माझ्याभोवती फिरत राहिले," असे ती म्हणाली आणि पुढच्या बाकावरच्या बाईलाही हसू आले.

साडेआठला आम्ही जटपुरा दरवाजापाशी होतो. उत्तरेकडून शहरात शिरणारा बहुतेक प्रत्येकजण इथूनच जातो, आणि म्हणूनच तो कोणाला दिसत नाही. रिक्षा, मोटारसायकली आणि भाजीच्या गाड्या यांच्यामध्ये मान वर करायला सवड मिळत नाही. रविवारच्या सकाळी ती मिळाली. दगडी कमान, वर चौकी, आणि दोन्ही बाजूंना कोरलेले गोंड राजांचे चिन्ह: हत्तीवर मात करणारा सिंह. मुलीने विचारले, "हत्ती एवढा लहान का?" मी म्हटले, ज्याच्या हातात छिन्नी असते तोच ठरवतो कोण लहान आणि कोण मोठा.

या कोटाची गोष्ट अशी सांगतात. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशाह नावाचा गोंड राजा होता. त्याच्या अंगावर गाठी होत्या. एकदा शिकारीत तहान लागली म्हणून त्याने झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातले पाणी प्यायले, हातपाय धुतले, आणि गाठी बऱ्या झाल्या. पुढे त्याच भागात एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलेला त्याने पाहिला. राणी म्हणाली, जिथे ससा कुत्र्याला पळवतो ती जमीन साधी नव्हे, इथेच शहर वसव. ही झाली दंतकथा. इतिहास एवढा सांगतो की कोटाचे काम पिढ्यान्पिढ्या चालले आणि सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधीवर धुंड्या रामशाहच्या काळात ते पुरे झाले. घेर सुमारे ११ किलोमीटर, उंची पंधरा ते वीस फूट, चार दरवाजे आणि पाच खिडक्या. इथे खिडकी म्हणजे हवेसाठीची नव्हे, माणसांच्या ये-जा करण्याचा लहान दरवाजा. जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर आणि पठाणपुरा ही चार दरवाजांची नावे.

"चौथे नाव पुन्हा सांग," मी मुलाला म्हटले. त्याने सांगितले आणि क्षणभर थांबला. मी पुढे काही बोलले नाही.

जटपुऱ्यापासून बाजाराचा रस्ता सरळ गांधी चौकाकडे जातो. दुकानांची शटर उघडत होती. चालता चालता मी मुलांना अबुल फजलची गोष्ट सांगितली. अकबराच्या दरबारातल्या या विद्वानाने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना चांद्याच्या गोंड राजाची नोंद घेतली आहे: नाव बाबजी, पदरी एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ. हिऱ्यांच्या खाणीचे बैरागड त्याच्याच ताब्यात असल्याचेही लिहिले आहे. हे बैरागड म्हणजे आपल्या गडचिरोली जिल्ह्यातले वैरागड. आग्र्याच्या दरबाराला आपला मुलूख चारशे वर्षांपूर्वी ठाऊक होता. आग्र्याची सहल ठरवणाऱ्या आपल्यालाच तो ठाऊक नसतो.

दरबाराचा हा परिचय सगळाच गोड नव्हता. १६६७ मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान फौज घेऊन चांद्यावर आला आणि मोठी खंडणी घेऊन गेला. मुलांना हेही सांगितले. आपल्या नावासारखे नाव असलेल्या माणसाने केलेले सगळे आपण डोक्यावर घ्यायचे नसते, आणि झाकायचेही नसते. त्याच शतकाच्या अखेरीला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंदशाह मुसलमान झाला, आणि पुढे १७०२ मध्ये त्यानेच नागपूर वसवले. म्हणजे एकाच गोंड समाजातले चांद्याचे राजघराणे आपल्या परंपरेत राहिले आणि देवगडचे कलमा वाचून राजा राहिले. हा राजा आपला आणि तो परका अशी वाटणी करायला बसले तर इतिहासाचा कागदच फाटतो.

पुढे जिल्हा कारागृहापाशी आलो. गोंड राजांचा बालेकिल्ला होता तिथेच आता तुरुंग आहे. आत जाता येत नाही, म्हणून रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहिले. याच जागी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव पुल्लेसूर शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. वय अवघे पंचवीस. मोलमपल्लीचे हे तरुण जमीनदार. त्यांना साथ देणारे व्यंकटराव हे अडपल्ली-घोटचे. घोट म्हणजे आमच्याच चामोर्शी तालुक्यातले गाव, जिथून माझ्या वर्गात मुले येत असतात. दरवर्षी २१ ऑक्टोबरला लोक इथे येऊन आदरांजली वाहतात.

त्याच तुरुंगाच्या आवारात हजरत मखदूम शाह ऊर्फ गैबी शाह वली यांची दर्गाहही आहे. वर्षभर बंद असणारा तुरुंगाचा दरवाजा मोहरममध्ये लोकांसाठी उघडतो आणि सर्व धर्मांचे लोक आत जातात. अम्मी लहानपणी आपल्या वडिलांचे बोट धरून गेली होती. तिला आठवते ती गर्दी आणि दगडी भिंतींचा थंडावा. "कैदी कुठे असतात म्हणून मी विचारले, तर अब्बा म्हणाले, आज सगळेच पाहुणे." दर्गाहवर जाण्याबद्दल आपल्या घराघरांत मते वेगळी आहेत, त्या वादात मी शिरत नाही. पण एकाच कुंपणात गोंड राजांचा बालेकिल्ला, एका शहीद गोंड तरुणाची फाशीची जागा आणि एका मुसलमान फकिराची कबर असावी, आणि शहराने तिन्ही लक्षात ठेवावीत, हे मुलाने स्वतःच्या वहीत लिहिले. मी सांगितले नव्हते.

दहाच्या सुमारास ऊन चढू लागले. चंद्रपूरचे ऊन हिवाळ्यातही ऊनच असते. उन्हाळ्यात ही पायपीट कोणी करू नये. अम्मीसाठी दोनदा चहाला थांबलो आणि अंचलेश्वर दरवाजाकडे वळलो. तिथे गोंड राजांच्या समाध्या आहेत, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. त्यांतली सर्वांत मोठी बीरशाहची. बीरशाहचा खून झाला, मुलगा नव्हता. राणी हिराईने रामशाहला दत्तक घेतले, तो मोठा होईपर्यंत राज्य चालवले, आणि नवऱ्याची ही समाधी बांधली. दरवाजाबाहेरचे महाकालीचे मंदिरही तिनेच बांधले. चैत्रात तिथे जत्रा भरते आणि मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, माणसांचे लोंढे येतात. अम्मीला ते गाणी म्हणत जाणारे जत्रेकरू आणि त्यांना पाणी पाजायला दारात ठेवलेले माठ आठवत होते. त्यांतला एक माठ तिच्या अम्मीचा होता.

समाधीच्या घुमटाखाली मुलगी म्हणाली, "ताजमहाल उलटा आहे हा. इथे बायकोने नवऱ्यासाठी बांधला." मी तिला सांगितले की दिल्लीतला हुमायूनचा मकबराही त्याच्या बेगमेनेच, बेगा बेगमने बांधवून घेतला, आणि तो ताजमहालापेक्षा जुना आहे. मुमताजची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. हिराई आणि बेगा बेगम यांची नावे मात्र आपल्या मुलींना सांगावी लागतात.

तिथून जवळच कोटावर चढायची वाट होती. अम्मी खाली सावलीत बसली आणि मुलांबरोबर मी वर गेले. वरून एका बाजूला घरांची दाटी, कपडे वाळत घातलेल्या गच्च्या, दुसऱ्या बाजूला झाडी. भिंतीची रुंदी एवढी की दोघे आरामात शेजारी चालतील. काही वर्षांपूर्वी हे शक्य नव्हते. तटावर झुडपे माजली होती, बुरुज कचऱ्याने भरले होते. १ मार्च २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या बंडू धोत्रे आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी रोज सकाळी कुऱ्हाडी, कोयते, फावडी घेऊन हा कोट साफ करायला घेतला. शेकडो दिवस ते काम चालले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. पण उल्लेख झाला म्हणून काम झाले असे नाही. काम झाले ते रोज सकाळी उठण्यामुळे. आम्ही गेलो तेव्हाही एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिशव्या पुन्हा साचू लागल्या होत्या. मुलाने चार उचलल्या. मग बहीण बघते आहे हे पाहून आणखी चार उचलल्या.

आता राहिला होता पठाणपुरा. इथवर अम्मी आमच्याबरोबर हौसेने चालली होती. दक्षिणेकडे वळलो तशी तिची चाल मंदावली. मला वाटले पाय दुखत असतील. "रिक्षा करू का?" विचारले. ती म्हणाली, "नको. रिक्षाने तर नेहमीच आले. बुरखा आणि पडदा, दरवाजा कधी गेला ते कळायचेही नाही." आणि खरोखरच, ज्या दरवाजाच्या सावलीत ती वाढली, त्याच्या खाली ती त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून उभी राहिली. कमान बघितली, सिंह बघितला, हाताने दगड चाचपला.

मग आम्ही आत वळलो आणि ती हरवली. अकरा वर्षांत गल्ल्या बदलल्या होत्या. खपरेलीच्या घरांच्या जागी दोन-तीन मजली सिमेंटची घरे उभी होती. कोपऱ्यावरचा पिठाची गिरणी असलेला वाडा नव्हता, चिंच नव्हती, हातपंप नव्हता. अम्मी दोन गल्ल्या आत गेली, परत आली, पुन्हा उभी राहिली. एका दुकानदाराला मामूंचे नाव सांगितले. तो नवा होता, त्याला माहीत नव्हते. एकाहत्तर वर्षांच्या बाईला आपल्या जन्माच्या मोहल्ल्यात रस्ता विचारावा लागावा आणि कोणाला सांगता येऊ नये. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी म्हटले, "चल अम्मी, राहू दे."

तेवढ्यात मुलाने विचारले, "नानी, घरातून कोट दिसायचा का?"

"दिसायचा म्हणजे? बुरुजावरून आम्ही पतंग उडवायचो. बुरुजापासून तिसरी गल्ली, उजव्या हाताला."

"मग बुरूज शोधू या. तो कुठे जाणार आहे?"

बुरूज सापडायला पाच मिनिटे लागली. तो होता तिथेच होता. मुलगा त्याला पाठ लावून उभा राहिला आणि मोठ्याने मोजत चालू लागला. एक. दोन. तिसऱ्या गल्लीत वळून उजव्या हाताला एक पिवळे दुमजली घर होते. अम्मीने घराकडे पाहिले नाही, खाली पाहिले. उंबऱ्यापुढे एक काळा दगड होता, मधोमध झिजलेला. त्यावर तिची अम्मी मसाला कुटायची.

घरातून एक मध्यमवयीन बाई बाहेर आल्या. कपाळावर कुंकू, हाताला पीठ. आम्हाला उभे पाहून विचारले, "कोण पाहिजे?" अम्मीला बोलता येईना. मी सांगितले, हे यांचे माहेर होते. त्या बाईंनी हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "मग बाहेर का उभ्या? या की. माहेरवाशिणीला दारातून लावतात का परत?" आम्ही अर्धा तास बसलो. चहा झाला, पोहे झाले. दगड काढायला मिस्त्री सांगत होता, पण एवढा जुना आहे म्हणून राहू दिला, असे त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी अम्मीची ओटी भरायला तांदूळ आणले, मग थबकल्या, "तुमच्यात चालते की नाही?" अम्मीने ओढणी पुढे केली आणि म्हणाली, "तांदूळ तर सगळ्यांतच चालतात." चामोर्शीला त्या तांदळाची खीर झाली आणि शेजारी चार घरी गेली.

जुन्या वास्तू कशासाठी जपायच्या, हे मी मुलांना अनेकदा शिकवले आहे: वारसा, संस्कृती, पर्यटन. तो परीक्षेचा मुद्दा असतो, पाच गुणांचा. त्या दुपारी मला त्याचा साधा उपयोग कळला. माणसांची घरे विकली जातात, पडतात, वाटली जातात. विशेषतः बायकांची. माहेर भावाच्या नावावर असते आणि एक दिवस तेही नसते. शरीअतने मुलीला हिस्सा दिलेला आहे, पण किती घरांत तो मागितला आणि दिला जातो, ते वाचक भगिनींना मी सांगायला नको. अशा वेळी गावात एखादी गोष्ट जागची हलत नसेल, तर तिच्यापासून मोजत मोजत आपल्या दारापर्यंत येता येते. कोट गोंड राजांनी बांधला, त्यात शंका नाही. त्या श्रेयातले एक दगडही दुसऱ्या कोणाला मिळू नये. पण त्याच्यापासून तिसऱ्या गल्लीत कोण जन्मले, हेही त्या कोटालाच माहीत आहे.

मुलाने आपला प्रश्न पुन्हा विचारला नाही. शाळेतल्या त्या मुलाशी त्याचे काय बोलणे झाले, मला माहीत नाही. एवढे कळले की दोघे मिळून पुढच्या सुट्टीत कोटाचे उरलेले बुरूज मोजायला जाणार आहेत.

ज्यांना असे फिरायचे आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ निवडावा आणि सकाळी नऊच्या आत चालायला लागावे. चपला नव्हे, बूट घालावेत. तटावर खडी आणि काटे आहेत. पाणी जवळ ठेवावे. वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय सहज मिळत नाही, म्हणून बसस्थानकावरच आटोपून घ्यावे. चारही दरवाजे एका दमात करू नयेत. दोन दरवाजे आणि समाध्या अर्ध्या दिवसाला पुष्कळ होतात. आणि घरातले वयस्कर माणूस बरोबर न्यावे. त्याला आपण शहर दाखवू नये, त्याने आपल्याला दाखवावे.

सोमवारी मी वर्गात नेहमीचा निबंध दिला नाही. आपल्या गावातली, आजोबांच्याही आधीपासून जागची न हललेली एक गोष्ट शोधून तिच्यावर लिहा, असे सांगितले. बऱ्याच जणांनी मार्कंड्याची देवळे लिहिली, वैनगंगेच्या काठावरची. कोणी कब्रस्तानातली चिंच लिहिली. एका मुलीने आपल्या शेताजवळचा तलाव लिहिला. गोंड राजांनी, जो तळे बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन, असा रिवाज घातला होता, म्हणून आपल्या भागात इतके तलाव आहेत, हे मी तिला नंतर सांगितले. तिने मात्र एवढेच लिहिले होते की तलाव कोणी खोदला ते घरात कोणाला ठाऊक नाही, पण आमचे धान त्याच्याच पाण्यावर पिकते. तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले.